खाडीतला बार आणि दाराचा अडसर

सप्रेम नमस्कार.

मी राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या एका गावी राहतो. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, तरी आमच्या मच्छीमार सोसायटीकडे येणारा प्रत्येक इंग्रजी कागद अजून माझ्याच ओटीवर वाचून घेतला जातो. गेल्या पावसाळ्यानंतर खाडीच्या मुखाचा पाहणी अहवाल आला आणि त्यात जागोजागी ‘बार’ हा शब्द होता. ठरावाच्या मराठी मसुद्यात मी तो तसाच ठेवला : ‘खाडीच्या मुखावरील बार तातडीने हटवण्यात यावा.’ ग्रामसभेत हे वाक्य वाचताच मागच्या बाजूला बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे फाट्यावरचे दारूचे दुकान आले. ठराव पुढे एका कार्यालयात गेला, तेव्हा तिथल्या लिपिकानेही त्यावर ‘विषय : दारू दुकानाबाबत’ असे लिहून तो भलत्याच टेबलावर पाठवला. त्याच सुमारास वकिलांचे पत्र आले. सोसायटीचा नुकसानभरपाईचा दावा ‘बार्ड’ आहे, असे त्यात होते आणि मी सभासदांना सांगून बसलो की दावा वकिलांच्या बारकडे गेला आहे. आणखी एका पत्रात नव्या अर्जाला ‘नो बार’ असे म्हटले होते. त्यातच पुतण्याचे नाव बारमध्ये लागल्याचे ऐकून माझ्या वृद्ध आईने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो इतक्या ठिकाणी कसा पोचला आणि आता मी कागदावर काय लिहावे?

— एक निवृत्त शिक्षक

आदरणीय गुरुजी,

आपल्या सगळ्या कागदांतला ‘बार’ एकच आहे आणि त्याचे मूळही एकच आहे. त्यामुळे तो मराठीत तसाच ठेवण्याचा मोह आपल्याला झाला, यात नवल नाही. अडचण एवढीच की मराठी वाचणाऱ्याच्या मनात त्या शब्दाचा एकच अर्थ पक्का बसला आहे आणि तो फाट्यावरचा आहे. म्हणून आधी मुळाकडे जाऊ आणि मग आपल्या मसुद्याकडे वळू.

माझ्या आजोळच्या घराला पुढच्या दाराशी जांभ्या चिऱ्याची हातभर जाडीची भिंत होती आणि दाराच्या मागे त्या भिंतीत दोन्ही अंगांना चौकोनी भोके होती. डावीकडचे भोक खोल होते आणि दिवसभर एक लाकडी दांडा त्यात सरकवून ठेवलेला असे. रात्री जेवणे झाली की आजी तो दांडा ओढून दाराच्या पाठीमागून आडवा नेई आणि त्याचे टोक उजवीकडच्या भोकात बसवी. तो बसताना ‘ठक्’ असा आवाज होई आणि त्या आवाजानंतर घराबाहेर कोणी पडायचे नाही, हे आम्हां मुलांना न सांगता कळे. इतक्या वर्षांच्या हातांनी त्या लाकडाला मधोमध असा गुळगुळीतपणा आला होता की अंधारातही ते कुठे धरायचे हे हाताला समजत असे. त्याला आम्ही अडसर म्हणत होतो. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाजांमागेही दोन्ही भिंतींत अशीच भोके दिसतात. फक्त तिथला अडसर अख्ख्या वाशाएवढा असे.

इंग्रजी ‘बार’ म्हणजे मुळात हाच अडसर. दार किंवा फाटक आतून बंद करण्यासाठी आडवा टाकायचा लाकडाचा वा लोखंडाचा दांडा, हा त्याचा जुना अर्थ. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत आला, त्यातून जुन्या फ्रेंचमधला ‘बार’ बाराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उतरला. फ्रेंचमध्ये तो बोलीभाषेतल्या लॅटिनमधील ‘बारा’ या शब्दावरून आला आणि तिथे त्याचा माग संपतो. ‘बॅरियर’ हा त्याचाच वाढवलेला शब्द आहे. मालाची ने-आण रोखणारा ‘एम्बार्गो’ स्पॅनिशमधून फिरून आलेला त्याचा नातलग आहे. पोलीस रस्त्यावर लावतात ते ‘बॅरिकेड’ मात्र या घरचे वाटले तरी पिंपांवरून आले आहे. माती भरलेली पिंपे रस्त्यात रचून वाट बंद करीत, आणि पॅरिसमधला १५८८ सालचा उठाव इतिहासात त्याच नावाने ओळखला जातो.

दाराच्या दांड्यावरून अडथळ्यापर्यंत शब्द कसा गेला, हे इंग्रजीकडे पाहून शोधण्याची आपल्याला गरज नाही, कारण मराठी नेमकी त्याच वाटेने चालली आहे. ‘तिच्या शिक्षणात पैशाचा अडसर आला’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणाच्याही मनात लाकूड येत नाही. ‘आडकाठी’ म्हणजे शब्दशः आडवी धरलेली काठी. ‘कोलदांडा’ म्हणजे हात बांधून गुडघ्यांखालून काठी सारण्याची जुनी शिक्षा. ‘खोडा’ म्हणजे कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी ओंडका. आज लोक हे दोन्ही एकमेकांच्या कामांत खुशाल घालतात. संस्कृतमध्ये दाराच्या दांड्याला ‘अर्गला’ म्हणतात आणि ज्याच्या जिभेच्या दाराला अर्गला नाही, त्याची बडबड ‘अनर्गल’ ठरते. त्याच अर्गलेची मराठी ‘आगळ’ झाली होती, पण आमच्या किनाऱ्यावर आगळ मागितली तर कोणी दांडा आणून देणार नाही, कोकमाचा खारवलेला रस आणून देईल. अड, आड, अडणे, अडवणूक, अडथळा, आडवा या सगळ्या कुटुंबात ‘वाटेत आडवे येणे’ ही एकच कल्पना आहे. (सुपारीच्या बागा असलेल्या वाचकांनी या यादीत अडकित्ता घालू नये, तो कन्नडातल्या सुपारीच्या ‘अडके’वरून आला आहे.)

तेव्हा गुरुजी, कागदात ‘बार’ दिसला की मी असे करून पाहते : इथे दांडा कोणता आहे आणि तो कोणाच्या वाटेत आडवा आला आहे, एवढेच स्वतःला विचारते. उत्तर मिळाले की मराठी शब्द शोधावा लागत नाही, तो आपणहून पुढे येतो.

आता आपला पाहणी अहवाल घेऊ, कारण मुख्य घोटाळा तिथे झाला आहे. बंदराच्या किंवा नदीच्या तोंडाशी आडव्या साचलेल्या वाळूच्या उंचवट्याला इंग्रज खलाशी सोळाव्या शतकापासून ‘बार’ म्हणत आले आहेत. जणू बंदराच्या दाराला समुद्राने बाहेरून अडसर घातला. आपल्या नद्या सह्याद्रीवरून उतरताना वेगात असतात आणि पावसाळ्यात माती-वाळूचे मोठे ओझे घेऊन येतात. खाडीत शिरल्यावर पात्र रुंदावते, समोरून भरतीचे पाणी भिडते, प्रवाह मंदावतो आणि ते ओझे खाली बसते. त्याच महिन्यांत नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा किनाऱ्यालगतची वाळूही मुखाकडे ढकलत असतात. दोन्हीकडून आलेल्या या वाळूचा मिळून एक लांबट बंधारा पाण्याखाली तयार होतो. तो दर पावसाळ्यात थोडा सरकतो, म्हणून गेल्या वर्षीची वाट या वर्षी कामाची नसते. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या गॅझेटियरमध्येही आपल्या खाड्यांच्या वर्णनात हा ‘बार’ भेटतो. सांगायचे ते इतकेच की आपल्या अहवाल लिहिणाऱ्याने शब्द मुळीच चुकवलेला नाही.

हा अडसर नुसत्या उथळपणामुळे धोक्याचा होत नाही. खोल पाण्यातून येणारी लाट उथळ जागी आली की तिचा वेग कमी होतो, ती उंच होते आणि फुटते. बाहेर समुद्र बऱ्यापैकी शांत असतानाही मुखाशी पांढऱ्या फेसाची एक आडवी रेघ उमटते ती यामुळेच. परतणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, त्या रेघेच्या अलीकडे इंजिन मंद करून थांबतो, दोन-तीन मोठ्या लाटा पुढे जाऊ देतो आणि मग रेघ जिथे तुटलेली दिसते तिथून होडी एका दमात आत घेतो. ओहोटीला हेही जमत नाही. भरतीची वाट पाहत मासळीसकट बाहेर ताटकळावे लागते. आपल्या ठरावामागचे खरे दुःख हे आहे आणि ते ‘बार’ या दोन अक्षरांत कोणालाही दिसले नाही.

भूगोलाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत याला ‘वाळूचा दांडा’ असा चांगला शब्द आहे आणि आपण तो वर्गात शिकवलाही असेल. इंग्रजांना या उंचवट्यात दाराचा दांडा दिसला आणि मराठीनेही त्याला दांडाच म्हटले, हे मला फार आवडते. आपले मच्छीमार मात्र बोलताना दांडा म्हणत नाहीत. ते म्हणतात, खाडीचे तोंड बुजले. अर्जात दोन्ही यावेत, असे मी सुचवते. पहिला शब्द अभियंत्यासाठी आणि दुसरा ज्यांचा तो अर्ज आहे त्यांच्यासाठी.

मात्र ‘हटवण्यात यावा’ या क्रियापदाबद्दलही मला शंका आहे. दरवर्षी येणारी वाळू एकदा हटवून संपत नाही. शिवाय तोच दांडा बाहेरच्या लाटांचा जोर मोडतो आणि त्यामुळे आत नांगरलेल्या होड्यांना काहीशी निवांत जागा मिळते. आजीचा अडसर घर बंदही करीत होता आणि सांभाळतही होता, तसेच हे आहे. म्हणून मागणी दांड्याविरुद्ध न मांडता त्यातून जाणाऱ्या वाटेसाठी मांडावी. मला सुचलेले वाक्य असे : ‘खाडीच्या मुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यामुळे खाडीचे तोंड बुजले असून ओहोटीच्या वेळी होड्यांना आत-बाहेर करता येत नाही, तरी पावसाळा संपल्यावर दरवर्षी तेथील गाळ उपसून होड्यांना पुरेल इतक्या खोलीची व रुंदीची वाट मोकळी करून द्यावी व त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना खुणेच्या बोया बसवाव्यात.’ खोली किती हवी, हे आपण ठरवू नका आणि मीही ठरवत नाही. सोसायटीतली सर्वांत मोठी होडी भरलेली असताना पाण्यात किती बुडते, हे तांडेलांना विचारून मीटरमध्ये लिहा.

वकिलांच्या पत्रातला ‘बार्ड’ हा अधिक गंभीर आहे आणि तिथे आपल्याकडून अर्थ अगदी उलटा सांगितला गेला. दावा वकिलांच्या बारकडे गेलेला नाही; दाव्याच्या वाटेत अडसर पडला आहे, म्हणजे तो चालण्याजोगा उरलेला नाही. हा अडसर बहुतेक वेळा मुदतीचा असतो. १९६३ च्या मुदत अधिनियमात कोणता दावा किती काळात दाखल करायचा, हे ठरवून दिले आहे आणि कलम ३ प्रमाणे ती मुदत उलटून गेल्यावर आणलेला दावा न्यायालयाला फेटाळावा लागतो, मग समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलेला असो वा नसो. मराठीत याला ‘मुदतबाह्य’ म्हणतात, किंवा ‘दाव्यास मुदतीची बाधा येते’ असे लिहितात. इथे दांड्याचे चित्र पुन्हा उपयोगी पडते. सर्वसाधारणपणे मुदत संपल्याने आपले येणे बुडाले असे कायदा म्हणत नाही. ते वसूल करण्यासाठी न्यायालयाचे जे दार होते, त्याला अडसर पडला, एवढेच म्हणतो. माझी विनंती अशी की सभासदांना आधी सांगितलेले या आठवड्यातच दुरुस्त करा आणि वकिलांना दोन प्रश्न लेखी विचारा : बाधा नेमकी मुदतीचीच आहे की दुसरी कुठली, आणि मुदत कोणत्या तारखेपासून मोजली आहे. मुदत कधी सुरू झाली याबद्दल वाद असू शकतो आणि कधी कधी सारे त्या तारखेवरच फिरते. ‘दावा बारकडे आहे’ या समजुतीत सोसायटी स्वस्थ बसली, तर तेवढे दिवसही हातचे जातील.

‘नो बार’ त्या मानाने सोपा आहे. नव्याने अर्ज करण्यास आडकाठी नाही, किंवा सरळ, हरकत नाही. स्थळे सुचवणाऱ्या जाहिरातींत ‘कास्ट नो बार’ असे छापतात, त्यातला बार हाच. जातीची अट नाही, असे लिहिले तर दोन अक्षरे जास्त पडतील, पण वाचणाऱ्या आजोबांना प्रश्न पडणार नाही. आपण तर नोकरीतला ‘एफिशियन्सी बार’ही पाहिला असेल. चौथ्या वेतन आयोगाच्या केंद्रीय वेतनश्रेणीत २०००-६०-२३००-ई.बी.-७५-३२०० अशी त्याची आद्याक्षरे आकड्यांच्या मधोमध असत. पगार २,३०० वर पोचला की पुढची वाढ आपोआप मिळत नसे. काम समाधानकारक आहे असा शेरा वरिष्ठांनी दिला, तर तो दांडा उचलला जाई. आकड्यांच्या रांगेत इतका स्पष्ट अडसर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता आपल्या मातोश्रींचा अबोला. त्यांना असे सांगावे की जुन्या इंग्लंडमध्ये न्यायाधीशांची जागा आणि बाकीचे दालन यांच्यामध्ये एक लाकडी कठडा असे. कैद्याला त्या कठड्याशी आणून उभे करीत आणि वकिलाला त्याच्याशी उभे राहून बोलण्याचा अधिकार मिळे. असा अधिकार मिळणे म्हणजे ‘बारला बोलावले जाणे’ आणि ज्याला तो मिळाला तो ‘बॅरिस्टर’. पुढे कठड्याचे नाव कठड्याशी उभे राहणाऱ्या सगळ्या वकीलवर्गालाच पडले. न्यायाधीशांच्या बाकावरून त्यांना ‘बेंच’ म्हणतात, तसेच. ज्या राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून लोकसभेवर निवडून जात होते, तिथल्या वृद्ध मतदाराला ‘बॅरिस्टर’ हा शब्द नवा नसणार. त्या ‘बॅरिस्टर’मधला ‘बार’ आपल्या नातवाला मिळाला आहे, असे कळले तर अबोला सुटावा. तरीही आपल्याकडे वकील अधिनियम १९६१ खाली जे मिळते त्याला ‘सनद’ हा शब्द रूढ आहे. ‘नातवाला सनद मिळाली’ असे पहिल्या दिवशी सांगितले असते, तर पेढेच वाटले गेले असते.

आणि फाट्यावरचा बार? तोही याच दांड्याचा वंशज आहे. जुन्या पानगृहांत विकणारा आणि पिणारा यांच्यामध्ये एक आडवी फळी असे, बाटल्या फळीच्या पलीकडे आणि गिऱ्हाईक अलीकडे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या फळीचे नाव सगळ्या जागेला लागले. म्हणजे दारूच्या बाराचे नाव ज्या वस्तूवरून पडले, ती मुळात गिऱ्हाइकाला दारूपासून अडवण्यासाठी होती. ती आता ते काम करीत नाही, हे आपल्या गावच्या बायका चांगल्याच जाणतात.

खिडकीचा गज, बांधकामाची सळई आणि साबणाची वडी यांनाही इंग्रजी ‘बार’च म्हणते, पण तिथे मराठीची कोंडी होत नाही. एका जुळ्याबद्दल मात्र सावध करते. वादळाच्या इशाऱ्यात हवेच्या दाबासाठी ‘मिलिबार’ येतो, आणि तो कागदही उद्या आपल्या ओटीवर येईल. त्यातला ‘बार’ ग्रीक भाषेतल्या वजनाच्या शब्दावरून आला आहे. ‘बॅरोमीटर’चे मूळही तेच. तिथे अडवणारे काही नाही, समुद्रसपाटीला सरासरी १०१३ मिलिबारच्या आसपास असणारा हवेचा भार आहे. आणि आपल्या जुन्या मराठीतला ‘बार’, म्हणजे बंदुकीचा बार, तंबाखूचा बार, लग्नाचा उडवून दिलेला बार, हा फारसीतल्या ओझ्यावरून आलेला वेगळाच गृहस्थ आहे.

राहता राहिले मागच्या सभेचे इतिवृत्त. ठराव चुकीच्या टेबलावर गेला आहे तो परत मागवा, विषयाच्या जागी ‘खाडीमुखातील गाळ काढण्याबाबत’ असे ठळक लिहा आणि नव्या मसुद्यासोबत अहवालाचे संबंधित पान जोडा. पण टाळ्या वाजल्या होत्या, ही गोष्ट दुरुस्तीच्या नादात पुसून टाकू नका. त्या बायकांनी जो ठराव ऐकला, तो आपण लिहिला नव्हता, तरी त्यांना तो मंजूर होता. आपल्या राज्यात गावातली दारूची दुकाने बंद करण्यासाठी गुप्त मतदान मागता येते आणि त्या मतपत्रिकेवर दोन बाटल्या छापलेल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. दुकान नको असेल तर शिक्का आडव्या बाटलीवर मारायचा. पुढच्या ग्रामसभेत त्यांना विचारून पाहा. त्यांचे म्हणणे तेच असेल तर तो दुसरा ठराव वेगळ्या कागदावर घ्या, आणि त्यात ‘बार’ हा शब्द जसाच्या तसा राहू द्या.